मिस्त्रीनं पास केलेला ब्लोअर

कोल्हापुरात एखादा माणूस कानानं अधू झालाय हे कळायला वर्षं लागतात. सगळेच ओरडून बोलतात, मग कळणार कसं? आमच्या कळंब्याच्या गल्लीत शेजारणीला चहाला हाक मारतात ती अशी, की नवख्याला वाटावं भांडण पेटलं. त्यात आमचे आबा, म्हणजे माझे वडील आकाराम मिस्त्री, उद्यमनगरात ब्लोअरच्या कारखान्यात कामाला. तिथं हळू बोलणाऱ्याला कुणी माणसात धरत नाही. त्यामुळं आबांचे कान गेलेत हे दोघांनाच ठाऊक होतं, आबांना आणि मला. आणि आम्ही दोघंही एकमेकांना तसं दाखवत नव्हतो.

कान गेलेत म्हणजे ठार बहिरे नव्हेत, बरं का. बोललेलं ऐकू यायचं, ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, आईनं स्वयंपाकघरातून घातलेल्या शिव्या तर पहिल्या झटक्यात ऐकू यायच्या. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. त्यांच्या हातातलं घड्याळ दर तासाला टीट-टीट करायचं. पूर्वी ते वाजलं की आबा चहा मागायचे. चार वर्षांपूर्वी एका दुपारी घड्याळ वाजलं आणि आबा पेपर वाचत तसेच बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी आवाज मोजायचं काम करते, मला राहवेना. आबा अंघोळीला गेल्यावर घड्याळाला मीटर लावून बघितलं. एका सेकंदाला चार हजार कंपनं. आयुष्यभर ब्लोअरशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानातून पहिल्यांदा जातं ते नेमकं हेच.

मी काय करायला हवं होतं? डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. नेलं की. कान तपासायचं शिबिर होतं तिथं नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, आवाज आला की बोट वर करा म्हणाले. आबा वस्ताद माणूस. काचेपलीकडच्या पोरीचा हात बटणाकडं गेला की हे बोट वर करायचे. कागदावर कान असे आले की पंचवीस वर्षांच्या पैलवानाला लाजवतील. मी शेजारीच बसले होते, सगळं बघत होते. तोंड मिटून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे.

आता ही मूठ एवढी जपायची का, ते सांगते. आबा मलकापूरकडच्या एका वाडीतनं एकोणिसाव्या वर्षी कोल्हापुरात आले, झाडू मारायला लागले आणि छत्तीस वर्षांत ब्लोअर पास करणारे मिस्त्री झाले. ब्लोअर म्हणजे तरी काय, पंखाच. फक्त लोखंडी गोगलगाईच्या पोटात बसवलेला आणि भट्टीला वारा घालणारा. तो जोडून झाला की चाचणीच्या ओट्यावर चढवायचे. मग आबा डावा हात वर करायचे. हात वर झाला की अख्ख्या शेडमधली लेथ, ग्राइंडर, सगळं बंद. मालक बाळासो फोनवर असले तरी फोन खाली. आबा ब्लोअर सुरू करायचे, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ कुणी खोकायचं नाही. मग दोनच शब्दांपैकी एक यायचा. "जाऊ दे" किंवा "खोला".

एकदा एका फिटरनं मध्येच तोंड घातलं होतं, मिस्त्री, मला शिट्टीगत वाटतंय म्हणून. आबांनी ब्लोअर खोलायला लावला, आत सगळं ठीक निघालं, आणि मग त्या बिचाऱ्याची चाळीस माणसांदेखत अशी काही पूजा बांधली की तो आठवडाभर खाली मान घालून डबा खात होता. तेव्हा आबांचे कान खणखणीत होते, आबांचं बरोबरच होतं. पण त्या दिवसापासनं कुणी परत तोंड उघडलं नाही. ही गोष्ट गिऱ्हाइकांपर्यंत गेली, शिरोलीच्या फाउंड्र्यांपर्यंत, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांपर्यंत गेली, तिखटमीठ लावून गेली. आकाराम मिस्त्रीनं ऐकलं म्हणजे देवानं ऐकलं.

कान गेलेत म्हणून बाहेर कळलं असतं, तर त्यांना ओट्यावरनं उतरवून पॅकिंगला बसवलं असतं. खोक्यांना खिळे मारायला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगत होते. मी, जी रिक्षावाल्याशी, बँकेतल्या साहेबाशी, सासरच्या मंडळींशी एका शब्दाला चार शब्द करते. ही एवढी एक गोष्ट माझ्या तोंडातनं बाहेर पडत नव्हती.

तर मागच्या मार्चमधली गोष्ट. शिरोलीची एक फाउंड्री, नाव सांगत नाही. कामगार बसतो त्या जागी आवाज किती आहे ते मोजून द्या, अशी त्यांना नोटीस आली होती. मोजायचं काम माझ्याकडं आलं. ब्लोअर आमच्याच कारखान्याचा. चारच दिवसांपूर्वी आबांनी तिथं जाऊन त्याचं बेअरिंग बदललं होतं, म्हणून आबा पण निघाले माझ्या स्कूटरवर मागं बसून.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि मी तिथंच थांबले. भट्टीची घरघर, क्रेनचा खडखडाट, ग्राइंडरची करकर, ते सगळं नेहमीचं. पण त्या सगळ्याच्या वरनं एक शिट्टी येत होती. बारीक, न थांबणारी, दातात कळ जावी अशी. ब्लोअरकडनं. मी आबांकडं बघितलं. आबा चपलेतला खडा काढत होते.

ब्लोअरपासनं दोन हातांवर स्टूल टाकून पिराजी बसला होता. पन्नाशीचा माणूस, पेठ वडगावचा. भट्टीत जाणाऱ्या वाऱ्याचा दाब बघायचा आणि झडप कमी-जास्त करायची, हे त्याचं काम. आठ तास त्याच स्टुलावर. त्याच्या पाठीशी जाळी आणि जाळीच्या आत मोटरवरनं ब्लोअरला जाणारे पट्टे, मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या चाकांवर चढवलेले. मी त्याच्या कानाच्या उंचीला मीटर धरला. ब्याण्णव डेसिबल. गेल्या जूनमध्ये मीच इथं मोजलं होतं तेव्हा एक्क्याण्णव होतं.

मॅनेजर अमरसिंह मागं उभे होते. आकडा बघून म्हणाले, एकच तर वाढलाय. वरवर बघितलं तर त्यांचं काही चुकलं नाही. पण आवाजाची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. नव्वदचा एक ब्लोअर असेल आणि शेजारी नव्वदचाच दुसरा लावला, तर होतात त्र्याण्णव. मोठ्या गोंगाटात एखादा नवा आवाज मिसळला तर एकूण आकडा जेमतेम हलतो. म्हणून आकडा फोडून बघावा लागतो, जाड आवाज किती, मधला किती, बारीक किती. मी मीटरचं बटण दाबलं आणि पट्ट्या वेगळ्या केल्या. बाकीच्या जूनसारख्याच होत्या. चार हजारांची पट्टी जूनमध्ये चौऱ्याहत्तर होती, ती शहाऐंशीवर गेली होती. बारा डेसिबल म्हणजे सोळापट ताकद. बेअरिंग कोरडं पडून स्वतःलाच खात होतं.

अमरसिंहांना मी सांगितलं की ब्लोअर बंद करा. ते हसले. भट्टीत तीन टन लोखंड रसरसत होतं, वारा बंद केला तर ते आतच गोठलं असतं आणि भट्टी फोडून काढावी लागली असती. माझ्या मीटरमध्ये आजूबाजूच्या मशिनी पण धरल्यात, असंही ते म्हणाले, आणि तेही काही खोटं नव्हतं. नियमानं बाकी सगळं बंद करून मोजायला हवं होतं. मी परत सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मग त्यांनी आबांकडं वळून विचारलं की मिस्त्री, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं करतो.

आबा पुढं झाले. स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आजूबाजूची चार-पाच माणसं हातातलं काम सोडून उभी राहिली. माझं काळीज असं धडधडत होतं की तेच मीटरमध्ये येईल असं वाटलं. आबांना काय ऐकू येत होतं ते मला ठाऊक होतं. पंख्याची घूं, मोटरची घूं, सगळं गुळगुळीत.

"ठीक हाय," आबा म्हणाले. "जाऊ दे."

माणसं हलली. अमरसिंह केबिनकडं वळले. मी आबांचा दंड धरला आणि मीटर त्यांच्या डोळ्यासमोर केला, बोट चार हजारांवर ठेवलं. सत्त्याऐंशी. मी बघत होते तोवर आणखी एक वाढला होता. आबांनी आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं? राग होता, आणि त्याखाली विनवणी होती, बाई. बापानं पोरीकडं तसं बघू नये. माझ्या जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. खरं सांगते, गिळलं.

आणि मग मी, कुठलातरी मार्ग काढायचा म्हणून, पिराजीला विचारलं की मामा, तुम्हाला हा आवाज कधीपासनं येतोय.

पिराजीनं आधी आबांकडं बघितलं. मग बिचकत म्हणाला, "चार दिस झालं की. रात्री घरी झोपल्यावर बी कानात वाजतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"मिस्त्रींनी कान लावून बघितलंय न्हवं. त्यांनी ऐकून सोडलाय म्हंजी तसाच असत असंल म्हटलं."

मागं उभा असलेला क्रेनवाला म्हणाला, त्यालाही येतोय. ग्राइंडरवाला म्हणाला, त्यालाही. सगळ्या शेडला चार दिवस ती शिट्टी ऐकू येत होती, आणि प्रत्येकानं मनाशी हेच म्हटलं होतं. गल्लीत कुणाच्या सुनेनं काय केलं यावर बेंबीच्या देठापासून ओरडणारी ही माणसं, मिस्त्रीपुढं गप्प. मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू. पण कुठल्या तोंडानं चिडणार होते मी?

आबा पिराजीकडं बघत होते. "कसला आवाज?" त्यांनी विचारलं.

पिराजीला वाटलं मिस्त्री परीक्षा घेतायत. तो घाबरून हसला आणि काही नाही, काही नाही म्हणाला. आबांनी पुन्हा विचारलं. कुणी बोलेना. आबांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, मग पिराजीच्या पाठीमागच्या जाळीकडं, मग स्टुलाकडं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते तिथनं तरातरा केबिनच्या दाराशी गेले आणि अमरसिंहांना म्हणाले, "मला त्यो आवाज ऐकू येत न्हाय."

गोंगाटात अमरसिंहांना कळलंच नाही. कानाला हात लावून त्यांनी काय, काय म्हणून विचारलं. आणि आमच्या आबांना, ज्यांनी चार वर्षं ही गोष्ट बायकोपासनं लपवली, ती गोष्ट सगळ्या शेडमध्ये घसा ताणून ओरडावी लागली.

"मला ऐकू येत न्हाय! माझं कान गेल्यात! पोरगी म्हणतीया त्ये खरं हाय, ब्लोअर बंद करायचा!"

ग्राइंडर थांबला. अमरसिंहांचा रंगच उडाला. पण बंद करायचा म्हटला तरी लगेच होत नव्हता, आधी भट्टीतलं लोखंड काढून घ्यायला पाहिजे होतं. त्याला पंधरा मिनिटं. माणसं वितळलेलं लोखंड झेलायच्या बादल्या घेऊन पळाली. पंधरा मिनिटं ब्लोअर चालूच ठेवायचा होता आणि कुणीतरी बटणापाशी बसायला हवं होतं. पिराजी मुकाट्यानं परत स्टुलावर टेकायला लागला.

"ऊठ," आबा म्हणाले. "लांब जा, त्या खांबामागं." आणि स्वतः बसले. डावा हात लाल बटणावर ठेवला. मला म्हणाले, "तेजे, दहा पावलं मागं सर. तू ऐक. आवाज बदलला की हात वर कर."

मी मागं सरले. मीटर एका हातात. चार हजारांची पट्टी एकोणनव्वद. भट्टीच्या तोंडातनं लोखंडाची धार पडत होती. नव्वद. आबा ब्लोअरकडं बघतच नव्हते, माझ्या हाताकडं बघत होते. डोळ्याची पापणी हलत नव्हती. त्यांच्या पाठीशी ती जाळी, आणि त्यांना काही ऐकू येत नाही. मला हाका माराव्याशा वाटत होत्या, आबा उठा, राहू दे ती भट्टी, गोठू दे. मी कान ब्लोअरकडंच ठेवला. त्र्याण्णव. बादलीवाला ओरडला, अजून दोन मिनिटं. पंचाण्णव.

आणि शिट्टी थांबली.

मला क्षणभर बरं वाटलं, एवढी मी मूर्ख. मग तिच्या जागी खर्र-खर्र आलं, खडे भरडल्यागत, आणि माझा हात कधी वर गेला मला ठाऊक नाही. आबांनी बटण मारलं आणि अंग बाजूला झोकून दिलं. पंखा वेगातच होता. बेअरिंग आवळून जाम झालं, पट्टे तुटले, जाळी फाटून बाहेर आली आणि स्टूल भिंतीवर जाऊन आदळलं. मग सगळं शांत झालं. स्टुलाचे दोन पाय वाकले होते. आबा जमिनीवर बसून होते, कोपर सोललेलं. पिराजी खांबामागनं आला, त्यानं ते स्टूल उचललं, बघितलं आणि हळूच खाली ठेवलं.

 अमरसिंहांनी आबांना पाणी आणून दिलं. संध्याकाळपर्यंत बाळासोंना फोन गेला असणार, ते मला ठाऊक होतं, आबांनाही ठाऊक होतं. 

घरी आई बाजारात गेली होती. मी हळद लावायला कोपर हातात घेतलं, तेव्हा आबांनी विचारलं, "तुला कवापासनं ठावं हाय?"

"चार वर्षं," मी म्हणाले. आता डोक्यावरनं हात फिरवतील असं मला वाटलं होतं, लपवत नाही. पोरीनं बापाची लाज राखली, असं काहीतरी म्हणतील.

आबांनी कोपर काढून घेतलं. "मी लपवलं, मी म्हातारा माणूस, भ्यालो. तुझ्या हातात तर मीटर हुता. माझी लाज राखलीस आन् पिराजीला तिथं बसवलास."

 मी, एका शब्दाला चार शब्द करणारी. मी रडले, पोटभर रडले, आणि आबा समजूत घालायला आले नाहीत.  मग म्हणाले, वही घे.

चार वर्षांत त्यांनी कान लावून पास केलेले ब्लोअर सत्तेचाळीस होते. कुठं कुठं गेले ते आबांना तोंडपाठ होतं. हुपरी, कागल, पेठ वडगाव, मलकापूर, निपाणी, ते सांगत होते आणि मी लिहीत होते. गाव लिहून झालं की ते थांबायचे. "शेजारी रकाना ठेव. ब्लोअरपाशी कोण बसतंय त्याचं नाव लिवायचं." नावं आबांना ठाऊक नव्हती. एकाचंही नाही.

पहिला फोन मी पेठ वडगावच्या भाताच्या गिरणीला लावला. पलीकडनं बाईचा आवाज आला, मागं ब्लोअर चालू होता. मी कारखान्याचं नाव सांगितलं आणि विचारलं की तुमच्याकडं ब्लोअरजवळ कोण बसतं.

"मीच की," बाई म्हणाली. "अंबूबाई. का वो?"

आबा माझ्या तोंडाकडं बघत होते. मी फोन कानावर घट्ट दाबला आणि मागच्या ब्लोअरमध्ये ती शिट्टी आहे का ते ऐकलं.

"अंबूबाई," मी म्हणाले, "आधी तिथनं उठा. लांब जाऊन उभ्या राहा, मग सांगते."